विश्लेषण : अँटिबायोटिकची गोळी देणाऱ्याला कोण शिकवणार? औषध निर्मात्यांची ‘संसर्गरोग रेसिडेन्सी’ म्हणजे काय?

डॉक्टरांना एमबीबीएसनंतर रेसिडेन्सी करावी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. औषध निर्मात्यांनाही, म्हणजे फार्मासिस्टनाही, वॉर्डात राहून असेच प्रशिक्षण घेता येते आणि त्यातही केवळ संसर्गजन्य रोगांचा वेगळा अभ्यासक्रम असतो, हे फारसे माहीत नाही. अमेरिकेत ही वाट रुळलेली आहे. भारतात ‘रेसिडेन्सी’ हा शब्द कायद्यात आला त्याला दीड दशकाहून अधिक काळ लोटला, पण पुढचे पाऊल पडलेले नाही. अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू वाढत असताना हा प्रश्न आता ग्रामीण आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीपर्यंत आला आहे.

वज्रेश्वरीचा याच्याशी काय संबंध?

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे देवीचे स्थान आणि तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे यांसाठी ओळखले जाते. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांच्या नवसातून उभे राहिलेले हे मंदिर आणि शेजारची अकलोली, गणेशपुरी यांमुळे येथे वर्षभर भाविकांची ये-जा असते. त्वचेचे विकार बरे होतात या श्रद्धेने कुंडात उतरणारेही पुष्कळ. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. गुंतागुंतीचा रुग्ण असेल तर भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे ठाणे किंवा मुंबई.

अशा गावात संसर्गरोगाचा तज्ज्ञ नसतो, असण्याची अपेक्षाही नाही. पण संसर्गरोग असतात. पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया, डेंग्यू. बाराही महिने क्षयरोग आणि नायटा. नायट्याचे उदाहरण घ्या. स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावली की खाज दोन दिवसांत थांबते, रुग्ण खूश होतो, पण आतली बुरशी पसरत राहते आणि पुढे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. देशभरातील त्वचारोगतज्ज्ञ याविषयी वर्षानुवर्षे सांगत होते. अखेर २०१८मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा बदल नियमांत केला. नियम झाला, पण काउंटरवर उभा राहून ‘ते पिवळ्या डब्यातले मलम द्या’ म्हणणाऱ्या माणसाला नाही कसे म्हणायचे आणि त्याऐवजी काय सांगायचे, हे शिकवले कोणी?

सरकारी व्यवस्थेत प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्वसाधारणपणे एकच ‘औषध निर्माण अधिकारी’ असतो. औषधांचा साठा, नोंदवही, मागणीपत्रक, मुदत संपलेल्या गोळ्यांची विल्हेवाट आणि केस पेपर घेऊन खिडकीसमोर उभी असलेली रांग, सगळे त्याच्याकडेच. रुग्णाशी शेवटचा संवाद तोच साधतो. त्याच्यानंतर रुग्ण आणि गोळी घरी एकटे असतात.

औषध देण्यात एवढे अवघड काय?

क्षयरोगाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. साध्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधे एकत्र असलेली गोळी रोज दिली जाते, पुढचे चार महिने तीन औषधांची. गोळ्या किती, हे वजनावर ठरते. प्रौढ रुग्णाचे वजन ३५ ते ४९ किलो असेल तर तीन गोळ्या, ५० ते ६४ किलो असेल तर चार. उपचार लागू पडले की रुग्णाचे वजन वाढते. ४५ किलोचा माणूस दोन महिन्यांत ५१ किलोचा झाला आणि त्याला तीनच गोळ्या मिळत राहिल्या, तर मात्रा कमी पडते. वजनकाटा केंद्रात असतोच. प्रत्येक वेळी त्यावर रुग्णाला उभे करायचे, ही सवय हवी.

यातील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील यंत्रणा अशी काही वेगवान करते की शरीरातील इतर औषधे लवकर निकामी होतात. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम घटतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची मात्रा बदलावी लागते. एचआयव्हीसाठी डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्याला ते दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते. शिवाय लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितले नाही तर घाबरून औषध सोडणारे रुग्ण असतात.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात तर प्रकरण आणखी नाजूक आहे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘बीपाल्म’ या सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही ती चार औषधे. पूर्वी हेच उपचार दीड-पावणेदोन वर्षांपर्यंत चालत, म्हणून ही मोठी सुधारणा आहे. मात्र यातील बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. लिनेझोलिडमुळे रक्त कमी होऊ शकते, पायाला मुंग्या येऊन नसांना इजा होऊ शकते.

आता कल्पना करा. असा रुग्ण जिल्ह्याच्या केंद्रातून औषधे घेऊन गावी परतला. उलट्या होतात म्हणून जवळच्या मेडिकलमधून ओन्डान्सेट्रॉनची गोळी घेतली. तीही हृदयाच्या त्याच लयीवर परिणाम करते. सर्दी झाली म्हणून नाक मोकळे करणारी गोळी घेतली. लिनेझोलिडबरोबर तिने रक्तदाब वाढू शकतो. नैराश्यावरची काही औषधेही लिनेझोलिडबरोबर धोकादायक ठरतात. यात कोणीही बेकायदा काही केलेले नाही, निष्काळजीपणाही म्हणता येणार नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन माणसांनी आपापले काम नीट केले आणि मधला दुवा कोणाकडेच नव्हता, एवढेच.

पावसाळ्यातही असेच. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टोचे प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन मुंबई महापालिका दर पावसाळ्यात करते. प्रौढांना डॉक्सिसायक्लिन चालते. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी दुसरे औषध निवडावे लागते. हेच डॉक्सिसायक्लिन लोहाच्या गोळीबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घेतले तर शरीरात पुरेसे शोषलेच जात नाही. व्हायव्हॅक्स मलेरियात प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या तिथेच थांबतात. मग काही आठवड्यांनी तोच मलेरिया परत.

रेसिडेन्सीत औषध निर्माता करतो काय?

अमेरिकेत फार्म.डी. पदवी आणि परवाना मिळाल्यानंतर रुग्णालयात काम करू इच्छिणारे अनेक जण एक वर्षाची सर्वसाधारण रेसिडेन्सी करतात. त्यानंतर दुसरे वर्ष एखाद्या विशेष शाखेचे: कर्करोग, अतिदक्षता, बालरोग किंवा संसर्गजन्य रोग. संसर्गरोगांच्या मान्यताप्राप्त रेसिडेन्सी तेथे शंभराहून अधिक रुग्णालयांत चालतात. मान्यता देण्याचे काम औषध निर्मात्यांची राष्ट्रीय संघटना करते आणि ही पद्धत १९६०च्या दशकापासून आहे. संसर्गरोग फार्मसीचे वेगळे प्रमाणपत्र मात्र अलीकडचे. त्याची पहिली परीक्षा २०१९मध्ये झाली.

या वर्षभरात रेसिडेंट दुकानात बसत नाही. सकाळी रुग्णालयातील अँटिबायोटिकवर असलेल्या रुग्णांची यादी उघडायची. रक्ताच्या कल्चरचा अहवाल कोणाचा आला, जंतू कोणता, तो कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहायचे. ताकदीचे, व्यापक औषध सुरू असेल आणि अहवालानुसार साधे औषध पुरेसे असेल, तर डॉक्टरांना तसे सुचवायचे. मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णात मात्रा किती कमी करायची, याचे गणित मांडायचे. व्हँकोमायसिनसारख्या औषधाची रक्तातील पातळी मोजून पुढचा डोस ठरवायचा. शिरेतून चाललेले औषध तोंडावाटे देता येईल का, ते तपासायचे. कारण शिरेतील नळी जितके दिवस राहते तितका नवा संसर्ग होण्याचा धोका. काही आठवडे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काही आठवडे एचआयव्ही बाह्यरुग्ण विभागात, काही आठवडे अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांबरोबर. वर्षअखेर एक संशोधन प्रकल्प.

हा माणूस रोगनिदान करत नाही. निदान डॉक्टरच करतो. निदान झाल्यावर ‘कोणते औषध, किती, किती दिवस, आणखी कशाबरोबर’ या प्रश्नांची जबाबदारी तो वाटून घेतो.

तेथे या पदांना मागणी का आली, हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, २०१४मध्ये रुग्णालयांसाठी अँटिबायोटिक वापराच्या देखरेखीची सूत्रे जाहीर केली. त्यात औषधशास्त्राचे ज्ञान असलेली व्यक्ती जबाबदार असावी, हे एक सूत्र होते. पुढे सरकारी विम्याचे पैसे हवे असतील तर रुग्णालयात अशी देखरेख असलीच पाहिजे, असा नियम झाला. ब्रिटनने तर त्याआधीच, २००३मध्ये, रुग्णालयांतील औषध निर्मात्यांमार्फत अँटिबायोटिकचा वापर सुधारण्यासाठी तीन वर्षांकरिता १ कोटी २० लाख पाउंड वेगळे काढले. तेथील ‘अँटिबायोटिक फार्मासिस्ट’ हे पद त्यातून रुजले. दोन्ही देशांत आधी नियम किंवा निधी आला, मग पदे आणि पदांमागोमाग प्रशिक्षण. आपल्याकडे क्रम उलटा झाला.

भारतात क्रम उलटा कसा झाला?

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८मध्ये फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू केला. बारावीनंतर सहा वर्षे: पाच वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष ‘इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी’. शब्द नियमावलीतच आहे. अभ्यासक्रमासाठी किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड लागते. सहाव्या वर्षी सहा महिने मेडिसिन विभागात आणि दोन-दोन महिने इतर तीन विशेष विभागांत काढायचे असतात. महाराष्ट्रातही काही महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम चालतो.

म्हणजे सांगाडा तयार आहे. पण ते सहावे वर्ष पदवीचाच भाग आहे, पदवीनंतरचे विशेष प्रशिक्षण नव्हे. दोन महिन्यांच्या एखाद्या विभागात जेवढे दिसेल तेवढे संसर्गरोगांचे शिक्षण. संसर्गरोग या एका विषयात वर्षभर देखरेखीखाली काम करून घेणारी, पदवीनंतरची रेसिडेन्सी या नियमावलीत नाही. डॉक्टरांसाठी मात्र दिल्लीचे एम्स, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आदी संस्थांत संसर्गरोगाची डीएम पदवी आहे. त्या जागाही देशाच्या गरजेपुढे तुटपुंज्याच आहेत.

दुसरी अडचण नोकरीची. सहा वर्षे शिकलेला फार्म.डी. आणि दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला डी.फार्म. हे दोघेही प्राथमिक केंद्राच्या औषध खिडकीसाठी सारखेच पात्र. सरकारी यंत्रणेत वॉर्डात उभे राहणाऱ्या ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’साठी प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत नियमित पदांची शिडी उभी राहिलेली नाही. मोठ्या शहरांतील मोठ्या खासगी रुग्णालयांत ही मंडळी दिसतात, कारण दर्जा मानांकनासाठी ती लागतात. बाकीचे औषध कंपन्यांच्या सुरक्षाविषयक नोंदींच्या कार्यालयांत जातात किंवा परदेशी परीक्षांची तयारी करतात. विद्यावेतनासाठी फार्म.डी. विद्यार्थ्यांच्या मागण्या अनेक वर्षे सुरू आहेत, यातच सारे आले.

तिसरी अडचण फारशी बोलली जात नाही. खासगी रुग्णालयाच्या आवारातील औषध दुकान हे उत्पन्नाचे साधन असते. देखरेख करणारा औषध निर्माता चांगले काम करू लागला, तर महागड्या इंजेक्शनांची विक्री घटते. ज्याच्या पगाराचे समर्थन विक्रीतून होते, त्यालाच विक्री थांबवायला सांगायची ही रचना आहे. त्याला हिशेबात वेगळे स्थान दिल्याशिवाय हे प्रशिक्षण कागदावरच राहील.

कायदा करून प्रश्न सुटला नाही का?

कायदे कमी नाहीत. औषध नियमांतील ‘शेड्यूल एच-१’ मार्च २०१४पासून लागू झाले. त्यात सुरुवातीला ४६ औषधे होती. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि क्षयाची औषधेही. ही विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. २०१६मध्ये ‘लाल रेघ’ मोहीम आली. २०१८मध्ये क्षयाची औषधे देणाऱ्या दुकानदारांनाही रुग्णाची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक झाले. न कळवल्यास तुरुंगवासाची तरतूद असलेली कलमे जोडली गेली. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक कोणत्या कारणासाठी देत आहात ते चिठ्ठीवर लिहा, असे सांगितले. त्याच महिन्यात केरळने चिठ्ठीविना अँटिबायोटिक विक्री रोखण्यासाठी ‘ऑपरेशन अमृत’ सुरू केले.

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी २०१२च्या सुमारास ‘दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय औषध नाही’ हा नियम कडकपणे राबवला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंदचे हत्यार उपसले होते. ज्यांना तो काळ आठवतो, त्यांना हेही आठवेल की वाद फार्मासिस्टच्या उपस्थितीवर झाला. त्याला काय येते आणि काय यायला हवे, यावर चर्चा झाली नाही.

मुंबई-ठाण्याचा अनुभव काय सांगतो?

हा सर्वांत उपयोगी पुरावा आहे आणि तो घराजवळचा आहे.

मुंबईत १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावी परिसरातील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळे उपचारक्रम लिहून दिले होते. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये तशीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टर, ६३ उपचारक्रम. योग्य चिठ्ठी लिहिणारे सहा. याचा अर्थ चिठ्ठी असली म्हणजे औषध बरोबरच असेल, असे नाही. ती चिठ्ठी वाचून ‘डॉक्टर, यात एक औषध कमी आहे’ असे म्हणू शकणारा कोणी असता, तर काही चुका तेथेच अडल्या असत्या.

दुसरा अभ्यास औषध दुकानांचा. ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. मुंबई, दिल्ली आणि पाटण्यातील ६२२ दुकानांत रुग्ण म्हणून प्रशिक्षित माणसे पाठवण्यात आली. एकाने फक्त खोकला-तापाच्या तक्रारी सांगितल्या, दुसऱ्याने क्षय असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला. पहिल्याला १३ टक्के भेटींतच योग्य वागणूक मिळाली, म्हणजे आपल्या मनाने अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठवले गेले. ३७ टक्के भेटींत त्याच्या हाती अँटिबायोटिक पडले. अहवाल दाखवणाऱ्या रुग्णाबाबत मात्र योग्य वागणूक ६२ टक्क्यांवर गेली आणि अँटिबायोटिक १६ टक्क्यांवर आले. क्षयाची मुख्य औषधे चिठ्ठीशिवाय एकाही दुकानाने दिली नाहीत.

दुकानदार बेफिकीर आहेत, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. तीच दुकाने, तोच काउंटर. माहिती मिळाली तेव्हा वागणे बदलले. कमतरता नियतीची नाही, ज्ञानाची आणि जोडणीची आहे.

तिसरा अनुभव तर ठाणे जिल्ह्याशी थेट जोडलेला. उल्हासनगरच्या फार्मसी महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या मंजिरी घरत यांच्या पुढाकाराने इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने २००६च्या सुमारास मुंबईत औषध दुकानदारांना क्षयाच्या ‘डॉट्स’ कार्यक्रमात आणले. प्रशिक्षण घेतलेल्या दुकानदारांनी संशयित रुग्ण ओळखून तपासणीला पाठवायचे आणि समोर गोळी घ्यायला लावायची, अशी ती रचना. रुग्णाला सरकारी केंद्राची वेळ गाठण्यासाठी रोजगार बुडवावा लागत नाही, हा त्यातला व्यावहारिक फायदा. भिवंडीच्या यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. दुकानदार शिकू शकतो आणि शिकायला तयार असतो, हे यातून दिसले. मात्र असे प्रकल्प निधी असेपर्यंत चालतात. पदवी, पद आणि पगार यांत ते रूपांतरित झाले नाहीत.

मग प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञच हवा का?

नाही. आणि रेसिडेन्सीच्या समर्थकांनी हे लक्षात ठेवायला हवे.

दक्षिण आफ्रिकेतील एका खासगी रुग्णालय समूहाने ४७ रुग्णालयांत औषध निर्मात्यांच्या नेतृत्वाखाली अँटिबायोटिक देखरेख सुरू केली. हे औषध निर्माते संसर्गरोगात विशेष प्रशिक्षित नव्हते. त्यांना पाचच गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगितले गेले: औषध सुरू करण्याआधी कल्चर घेतले का, सात दिवसांहून जास्त चालले आहे का, १४ दिवसांहून जास्त चालले आहे का, एकाच वेळी चारपेक्षा जास्त अँटिबायोटिक आहेत का आणि एकाच प्रकारच्या जंतूंवर दोन-दोन औषधे चालू आहेत का. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अँटिबायोटिकचा वापर सुमारे १८ टक्क्यांनी घटला. पाच प्रश्न, कोणतेही महागडे यंत्र नाही.

भारतातही कोचीच्या अमृता रुग्णालयाने २०१६पासून औषध निर्मात्यांना केंद्रस्थानी ठेवून अशी देखरेख राबवली आणि तिचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. त्यामुळे ‘आपल्याकडे डॉक्टर हे ऐकून घेणार नाहीत’ हा आक्षेप पूर्णपणे टिकत नाही. ऐकून घेतात, पण दोन अटींवर: सांगणाऱ्याला रुग्णाची पूर्ण माहिती हवी आणि वरिष्ठ डॉक्टरांनी त्याला आधीच मान्यता दिलेली हवी. नव्याने रुजू झालेल्या फार्म.डी.ने वरिष्ठांच्या चिठ्ठीवर लाल शाईने खूण करायची, ही कल्पना अजून अनेक रुग्णालयांत धाडसाचीच आहे.

तेव्हा पाच प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही. ते पाच प्रश्न कोणते असावेत हे ठरवायला, स्थानिक जंतूंचा अहवाल वाचून ते दरवर्षी बदलायला, आणि ‘बीपाल्म’वरील रुग्णाला पायाला मुंग्या आल्या तर पुढे काय, याचे उत्तर द्यायला मात्र लागतो. रेसिडेन्सी हवी ती या थोड्या लोकांसाठी. प्रत्येक तालुक्यात एक नव्हे, प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन.

ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर चित्र असे असू शकते. औषधरोधक क्षयासाठी जिल्हा पातळीवर केंद्रे आधीच आहेत. तेथे प्रयोगशाळेचे अहवाल, ईसीजी आणि रुग्णांची नियमित तपासणी होते. रेसिडेंटसाठी याहून चांगली शाळा नाही. वर्षाचे काही महिने तेथे, काही मुंबईच्या कस्तुरबा किंवा शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयासारख्या ठिकाणी, काही जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात. आणि महिन्यातले काही दिवस वज्रेश्वरीसारख्या प्राथमिक केंद्रांत, औषध निर्माण अधिकाऱ्याच्या शेजारी उभे राहून. ‘ई-संजीवनी’मुळे आज गावातील केंद्रातून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. त्याच वाटेवर औषध निर्मात्यासाठी एक जागा ठेवायला नवी इमारत लागत नाही.

खर्चाचे काय?

सर्वांत मोठा खर्च मार्गदर्शकांचा आहे, रेसिडेंटच्या विद्यावेतनाचा नाही. ज्यांनी स्वतः असे प्रशिक्षण घेतले आहे असे शिक्षकच कमी आहेत. त्यामुळे पहिल्या तुकड्यांना संसर्गरोगाचे डॉक्टर आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांनीच घडवावे लागेल. सौदी अरेबिया आणि कतारमधील काही रुग्णालयांनी अमेरिकी मान्यता घेऊन सुरुवात केली. तो मार्ग भारतीय सरकारी रुग्णालयाला महाग पडेल आणि तेथील औषधयादीही वेगळी आहे. क्षय, मलेरिया, लेप्टो, स्क्रब टायफस यांची शिकवण टेक्सासमध्ये नाही, ठाणे-पालघरमध्ये मिळते.

न करण्याचा खर्चही मोजता येतो. ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९मध्ये १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधक जंतूंमुळे झाले. भारतातील त्याच वर्षीचा अंदाज सुमारे २ लाख ९७ हजारांचा होता. याच देशात खासगी बाजारात सर्वाधिक खपलेले अँटिबायोटिक कोणते, तर ‘अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००’. कोणत्याही मेडिकलमध्ये तीन गोळ्यांची पट्टी मागितली की नाव सांगावे लागत नाही.

पुढे काय पाहायचे?

औषधरोधाविरोधातील राष्ट्रीय कृती आराखड्याचा दुसरा टप्पा, २०२५ ते २०२९साठीचा, नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाला. पहिला आराखडा २०१७चा होता आणि त्यातील बरेच काही राज्यांच्या अंमलबजावणीवर अडले. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे औषध निर्मात्यांची पदे काढणे, त्यांची पात्रता बदलणे आणि जिल्हा रुग्णालयांत प्रशिक्षणाच्या जागा देणे हे निर्णय मुंबईत व्हायचे आहेत. फार्मसी कौन्सिलने सहाव्या वर्षानंतरच्या विशेष रेसिडेन्सीची नियमावली आणली, तरी तिला जोडलेले पद राज्याच्या सेवाप्रवेश नियमांत नसेल, तर २००८ची पुनरावृत्ती होईल.

तूर्त वाचकाच्या हातात असलेले काही प्रश्न आहेत. अँटिबायोटिक घेताना केमिस्टला विचारा: किती दिवस, जेवणाआधी की नंतर, मी घेत असलेल्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालेल का. क्षयाचे उपचार सुरू असतील तर सर्दी-उलटीची गोळी घेण्याआधीही ते सांगा. औषधांची चिठ्ठी फोनमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दुकानातही ती दाखवता येते. काउंटरवरच्या माणसाला उत्तर येत नसेल तर दुकानावर लावलेल्या परवान्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव असते. त्यांना बोलवायला सांगण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.